दुरुस्ती, सुधारणा की बदल? अर्ज आणि नोटीस लिहिताना या चुका टाळा

मुंबईत सोसायटीच्या फलकावर काय किंवा वॉर्ड ऑफिसात दिलेल्या अर्जात काय, हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी टाकले जातात. बोलताना निभावून जातं, कागदावर काम अडतं.

सगळ्यात महागात पडते ती जन्मदाखल्यातली गफलत. ‘स्नेहल’चं ‘स्नेहाल’ झालं असेल तर नोंदच चुकलेली आहे, म्हणून ‘दुरुस्ती’ मागायची. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ मध्ये चुकीच्या नोंदीच्या दुरुस्तीची तरतूद आहे. पण पुष्कळ जण विषयात ‘नावात बदल करणेबाबत’ असं लिहून मोकळे होतात. बदल म्हणजे नोंद बरोबर होती, आता नाव दुसरं हवंय. त्याची वाट वेगळी, राजपत्रातून जाणारी. तेव्हा विषय लिहा: ‘जन्मनोंदीतील नावाच्या दुरुस्तीबाबत’. खाली ‘स्नेहाल’ ऐवजी ‘स्नेहल’ असावे, एवढं स्पष्ट लिहून पुराव्याचे कागद जोडा.

सोसायटीच्या ठरावातही हेच. गच्ची गळते, ती पूर्ववत करायची: दुरुस्ती. गच्चीवर सौर पॅनेल बसवायची: सुधारणा. दोन्ही कामं ‘दुरुस्ती’च्या नावाखाली एकाच ठरावात घुसवू नका. पैसे कशासाठी निघणार आहेत हे सभासदांना कळलंच पाहिजे. म्हाडाच्या मंडळांची नावं पाहा: जुन्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींसाठी ‘इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ’, तर वस्त्यांमधल्या सोयींसाठी ‘झोपडपट्टी सुधार मंडळ’.

आता हा ‘सुधार’. ‘तब्येतीत सुधार आहे’ हे हिंदीच्या शेजारामुळे आलेलं. मराठीत तब्येतीत सुधारणा होते, किंवा सरळ ‘आता बरं आहे’ म्हणावं. मात्र महापालिकेची सुधार समिती हे ठरलेलं नाव आहे, तिची ‘सुधारणा समिती’ करू नका. घटनादुरुस्तीचंही तसंच. राज्यघटनेत बदल झाला की दुरुस्ती म्हणायचं आणि राज्याच्या विधेयकाच्या नावात मात्र कंसात ‘सुधारणा’ येते. दोन्ही रूढ आहेत, जसेच्या तसे वापरा.

क्रियापदाकडेही लक्ष हवं. ‘सुधारणे’ दोन्हीकडे चालतं: अक्षर सुधारलं, मी अक्षर सुधारलं. ‘दुरुस्त’ला करणे किंवा होणे लागतंच. ‘मी चूक दुरुस्तली’ असं होत नाही.

शेवटी लेखन. ‘दुरूस्ती’ नव्हे, ‘दुरुस्ती’. जोडाक्षराआधीचा रु ऱ्हस्व. ‘शुध्द’ तर जागोजागी दिसतं. टाइप करताना आधी द, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग ध, की ‘शुद्ध’ उमटतं. उलट क्रमाने ध आधी पडला तर चूक होते. आणि नोटीस निघून गेल्यावर चूक सापडली, तर नवी नोटीस लावून गोंधळ वाढवू नका. ‘शुद्धिपत्रक’ (धि ऱ्हस्व) असं शीर्षक द्या, मूळ नोटिशीची तारीख घाला आणि एकच ओळ लिहा: ‘सायंकाळी ५ ऐवजी सायंकाळी ७ असे वाचावे.’