सोशल मीडिया फीडसाठी डेस्कटॉप ॲप निवडताय? या चुका टाळा

चार नेटवर्कवर अकाउंट, प्रत्येकाचा वेगळा टॅब आणि दिवसभर या टॅबवरून त्या टॅबवर उड्या. याला कंटाळून माणूस 'सगळं एकाच ठिकाणी' दाखवणारं डेस्कटॉप ॲप शोधायला लागतो. वर दिसेल ते डाउनलोड करतो, आणि थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. फेसबुकची फीड दिसतच नाही. इन्स्टाग्राम जोडलं, पण तिथून फक्त पोस्ट टाकता येते. काल चालणारा कॉलम, म्हणजे एका फीडचा उभा पट्टा, आज रिकामा. राग ॲपवर निघतो. खरं तर यातल्या बऱ्याच गोष्टी ॲपच्या हातातच नसतात.

पहिली चूक: आधी ॲप बघणं, नेटवर्क नंतर

ॲपला फीड मिळते ती नेटवर्कच्या एपीआयमधून, म्हणजे बाहेरच्या ॲपना माहिती देण्यासाठी नेटवर्कने ठेवलेल्या दारातून. नेटवर्क जेवढं देईल तेवढंच ॲप दाखवणार, मग ते कितीही चांगलं बनवलेलं असो. म्हणून कोणतं ॲप चांगलं हे विचारण्याआधी, माझी नेटवर्क बाहेरच्या ॲपला नेमकं काय देतात, हे बघायला हवं. आणि इथे नेटवर्कानेटवर्कांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फेसबुक तुमच्या मित्रांच्या पोस्टची होम फीड बाहेरच्या ॲपला देत नाही. केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीने लोकांची फेसबुकवरची माहिती परस्पर वापरल्याच्या प्रकरणानंतर नियम आणखी आवळले गेले, आणि १ ऑगस्ट २०१८ पासून वैयक्तिक प्रोफाइलवर बाहेरच्या ॲपमधून पोस्ट टाकणंही बंद झालं. उरलं ते मुख्यतः पेजचं काम. इन्स्टाग्रामचीही तीच गत. बिझनेस किंवा क्रिएटर अकाउंट असेल तर पोस्ट टाकता येते, कमेंट आणि आकडे बघता येतात. पण तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची फीड मिळत नाही.

ट्विटरचं, म्हणजे आताच्या एक्सचं, उदाहरण तर सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. एकेकाळी तिथे बाहेरच्या ॲपची रेलचेल होती. २०११ मध्ये कंपनीने ट्वीटडेक विकत घेतलं. जानेवारी २०२३ मध्ये नियम बदलून प्रतिस्पर्धी क्लायंटवर, म्हणजे नेटवर्कची टाइमलाइन दाखवणाऱ्या बाहेरच्या ॲपवर, बंदी घातली, आणि ट्वीटबॉट, ट्विटरिफिक अशी अनेक वर्षं लोकांच्या विश्वासाला उतरलेली ॲप एका फटक्यात बंद पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्वीटडेकचं एक्स प्रो झालं आणि ते फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी राहिलं. रेडिटने १ जुलै २०२३ पासून एपीआयसाठी पैसे आकारायला सुरुवात केली, तेव्हा अपोलोसारखं लाडकं ॲप आदल्याच दिवशी बंद झालं. या सगळ्या ॲपमध्ये बिघाड काहीच नव्हता.

याउलट मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय ही ट्विटरसारखीच नेटवर्क पूर्ण टाइमलाइन बाहेरच्या ॲपला देतात. त्यामुळे खरे क्लायंट तिथेच बहरलेत. ट्वीटबॉट बनवणाऱ्यांनीच मॅस्टोडॉनसाठी आयव्हरी आणलं, ते मॅकवर चालतं. लिनक्सवर टुबा आहे. ब्लूस्कायसाठी ब्राउझरमध्ये कॉलम मांडणारं डेक डॉट ब्लू आहे. मॅस्टोडॉनच्या वेबसाइटवर तर सेटिंगमध्ये जाऊन ॲडव्हान्स्ड इंटरफेस चालू केला की कॉलम मिळतात. ज्यांना तेवढ्याने भागतं त्यांनी वेगळं ॲप घेऊच नये, असं माझं मत आहे.

वाचायचं ॲप आणि पोस्ट टाकायचं ॲप यांत गल्लत

हूटसूट, बफर ही नावं 'सोशल मीडिया मॅनेजर' म्हणून समोर येतात. त्यांचं मुख्य काम पोस्ट आधीच तयार करून ठरल्या वेळी टाकणं आणि त्यांचे आकडे दाखवणं. दुकान, संस्था, मासिक चालवणाऱ्याला ती उपयोगी आहेत. पण ज्याला फक्त आवडत्या लोकांचं लिखाण शांतपणे वाचायचंय, त्याच्यासाठी ती नाहीत. मोफत प्लॅनच्या भरवशावर सगळं काम उभं करायचं असेल तर एवढं लक्षात घ्या, की हूटसूटचा मोफत प्लॅन मार्च २०२३ च्या अखेरीस बंद झाला.

वेबसाइट गुंडाळून दिलेलं ॲप ओळखता न येणं

फ्रान्झ, रॅमबॉक्स, फर्डियम ही ॲप डावीकडे आयकॉनची रांग दाखवतात आणि प्रत्येक आयकॉनमागे त्या सेवेची वेबसाइट उघडतात. म्हणजे आत एक ब्राउझरच असतो. यात वाईट काही नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामची पूर्ण फीड डेस्कटॉपवर हवी असेल तर हाच सरळ मार्ग आहे, कारण एपीआयचा प्रश्नच येत नाही. मात्र अपेक्षा नीट ठेवा. सगळ्या नेटवर्कची एकत्र टाइमलाइन इथे मिळणार नाही. एक शब्द एकदाच म्यूट केला आणि सगळीकडे लागू झाला, असंही होणार नाही. शिवाय मेमरी भरपूर लागते. विंडोजवर टास्क मॅनेजर किंवा मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून बघा: ॲप एकच, पण त्याच्या नावाखाली प्रोसेसची रांग लागलेली असते. मशीन जुनं असेल तर न वापरलेल्या सेवा झोपवून ठेवायची सोय ॲपमध्ये आहे का, हे आधी तपासा.

एक-दोनच नेटवर्क असतील तर हेही नको. क्रोम आणि एजमध्ये साइट ॲप म्हणून इन्स्टॉल करता येते. मॅकवर सोनोमापासून सफारीत साइट डॉकमध्ये टाकता येते. वेगळी खिडकी मिळते, आणि मधल्या तिसऱ्या कंपनीवर विश्वास टाकावा लागत नाही.

पासवर्ड थेट ॲपमध्ये भरणं

इथे मात्र अजिबात ढिलाई नको. अकाउंट जोडताना चांगलं ॲप तुमचा नेहमीचा ब्राउझर उघडतं. वरच्या पट्टीत नेटवर्कचा खरा पत्ता दिसतो, लॉगिन तिथे होतं, आणि 'हे ॲप तुमच्या वतीने अमुक करू शकेल' अशी यादी समोर येते. मान्य केलं की ॲपला फक्त एक टोकन, म्हणजे तेवढ्या परवानगीची डिजिटल किल्ली, मिळतं, पासवर्ड कधीच नाही. ट्विटरने तर ३१ ऑगस्ट २०१० लाच बाहेरच्या ॲपना पासवर्ड घेऊन लॉगिन करणं बंद केलं होतं. एवढ्या वर्षांनंतरही एपीआयवर चालणारं एखादं ॲप स्वतःच्या चौकटीत तुमचा मूळ पासवर्ड मागत असेल, तर खिडकी बंद करा आणि दुसरं शोधा. ब्लूस्कायच्या काही क्लायंटना पासवर्ड लागतो, पण त्यासाठी सेटिंगमध्ये वेगळा ॲप पासवर्ड बनवता येतो. तोच द्या.

मान्यतेची यादीही वाचा. फक्त वाचायला घेतलेल्या ॲपला पोस्ट टाकायची आणि मेसेज बघायची परवानगी कशाला?

म्यूटची परीक्षा न घेणं

डेस्कटॉप क्लायंट घ्यायचं मोठं कारण म्हणजे नको ते गाळता येणं. ॲप ठेवायचं ठरवण्याआधी मराठीत फिल्टर लावून बघा. 'निवडणूक' हा शब्द म्यूट केला तरी 'निवडणुकीच्या', 'निवडणुकांत' असलेल्या पोस्ट येतच राहतात, कारण शब्दाला प्रत्यय लागताना मधला ऊकारही बदलतो. उपाय म्हणजे 'निवडण' एवढाच तुकडा टाकायचा आणि 'पूर्ण शब्द' हा पर्याय बंद ठेवायचा. तो पर्यायच बंद करता येत नसेल, तर मराठी वाचकाला ते ॲप फार दिवस पुरणार नाही.

बिघडलंच तर

लगेच ॲप काढून पुन्हा टाकू नका. आधी एररचा कोड, म्हणजे बिघाडासोबत दिसणारा आकडा, वाचा. ४०१ दिसला तर टोकन संपलंय किंवा रद्द झालंय. अकाउंट काढून पुन्हा जोडलं की बहुतेक वेळा काम होतं. पासवर्ड बदलल्यानंतर हे अनेकदा घडतं. ४०३ म्हणजे नेटवर्क त्या गोष्टीची परवानगीच देत नाही, तिथे डोकं आपटून उपयोग नाही. ४२९ म्हणजे ॲपने ठरलेल्यापेक्षा जास्त वेळा विचारणा केली. अशा वेळी रिफ्रेशचं बटण दाबत राहिलात तर परिस्थिती आणखी चिघळते. मॅस्टोडॉनची मूळ मर्यादा अकाउंटमागे पाच मिनिटांत ३०० विनंत्यांची आहे, आणि प्रत्येक उघडा कॉलम त्यातला आपला वाटा खातो. थोडं थांबा, न लागणारे कॉलम बंद करा, रिफ्रेशची वेळ वाढवा.

लॉगिनच होत नसेल तर कॉम्प्युटरचं, आणि टू-फॅक्टरचे (पासवर्डनंतर मागितले जाणारे) कोड फोनवर बनत असतील तर फोनचंही, घड्याळ बघा. वेळ चुकली की टू-फॅक्टरचे कोड नाकारले जातात आणि सुरक्षित जोडणीही अडते. नोटिफिकेशन येत नसतील तर ॲपच्या आधी सिस्टिमचा 'डू नॉट डिस्टर्ब' किंवा फोकस मोड तपासा. डिलीट झालेली पोस्ट ॲपमध्ये दिसतच असेल तर कॅशे, म्हणजे ॲपने साठवलेली जुनी माहिती, साफ करा.

बाहेर पडायची वाट आधीच बघून ठेवा

नेटवर्कचे नियम रातोरात बदलतात, म्हणून तुमची यादी ॲपच्या आत अडकू देऊ नका. मॅस्टोडॉनवर फॉलो केलेल्यांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, उतरवता येते. मॅस्टोडॉन प्रोफाइलच्या पत्त्याच्या शेवटी डॉट आरएसएस लावलं की त्याची फीड कोणत्याही आरएसएस रीडरमध्ये, म्हणजे अनेक साइटवरचं नवं लिखाण एकत्र दाखवणाऱ्या ॲपमध्ये, येते. ब्लूस्काय प्रोफाइल आणि यूट्यूब चॅनलच्याही फीड असतात. थंडरबर्ड आणि मॅकवरचं नेटन्यूजवायर हे दोन्ही रीडर मोफत आहेत, लॉगिन मागत नाहीत, आणि सगळी यादी ओपीएमएल फाइल (दुसऱ्या रीडरला वाचता येणारी यादी) म्हणून बाहेर काढू देतात. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, तेव्हा ज्यांनी यादी वेळेत उतरवून घेतली होती ते दुसऱ्या रीडरवर सहज गेले. ज्यांना फक्त वाचायचंय त्यांना माझा पहिला सल्ला आरएसएसचाच असतो.

आणि एखादं ॲप वापरून पाहिलं, पटलं नाही, काढून टाकलं, एवढ्यावर थांबू नका. ॲप अनइन्स्टॉल केल्याने टोकन रद्द होत नाही. प्रत्येक नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या ॲपची यादी असते. तिथे जाऊन त्याची परवानगी काढा, आणि जुनी, ओळखूही न येणारी नावं दिसली तर तीही त्याच फेरीत काढून टाका.