प्लाझ्मा टीव्ही ठेवायचा की बदलायचा? ठरवताना या चुका टाळा

पायोनियरने 2009 मध्ये टीव्हीच्या धंद्यातून अंग काढून घेतलं. पॅनासॉनिकने 2013 च्या अखेरीस प्लाझ्माचं उत्पादन थांबवलं आणि 2014 सरता सरता सॅमसंग आणि एलजी यांनीही ते बंद केलं. आता नवा प्लाझ्मा बाजारात नाही. घराघरांत मात्र त्यातले बरेच संच अजून ठणठणीत चालू आहेत आणि त्यांचे मालक एकाच पेचात असतात: आता बदलावा का? उत्तर देताना लोक दोन्हीकडून चुकतात. कुणी धडधाकट संच भंगारात काढून त्याहून निकृष्ट चित्राचा टीव्ही घरी आणतो, तर कुणी पॅनेलच, म्हणजे चित्र दाखवणारी काचच, गेलेल्या संचावर खर्च करत बसतो.

बंद झाला म्हणजे वाईट होता, हा गैरसमज

प्लाझ्मा चित्रात हरला नाही, हिशेबात हरला. त्याच्या काचेत लाखो बारीक कप्पे असतात. त्यांत निऑन आणि झेनॉन वायू भरलेला असतो. वीज दिली की या वायूतून अतिनील किरण निघतात आणि ते कप्प्यातल्या लाल, हिरव्या, निळ्या फॉस्फरला, म्हणजे चमकणाऱ्या लेपाला, उजळतात. म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो. मागे दिवे लावून पुढे झडपा उघडायच्या-मिटायच्या, ही एलसीडीची रीत. म्हणून प्लाझ्माचा काळा रंग गडद दिसतो, बाजूला बसलेल्यालाही रंग फिके वाटत नाहीत आणि पळता चेंडू पुसट होत नाही.

अडचण आली ती कप्पे लहान करताना. कप्पा जितका छोटा, तितका तो विजेच्या मानाने कमी प्रकाश देतो. 4केसाठी फुल एचडीच्या चौपट ठिपके लागतात, आणि घरगुती आकारात ते बसवणं परवडेना. पॅनासॉनिकने 2010 मध्ये 4केचा प्लाझ्मा दाखवला खरा, पण तो 152 इंची होता! एलसीडीचं तंत्र मोबाइल, लॅपटॉप, मॉनिटर अशा सगळ्यांत खपत होतं, त्यामुळे त्याचा दर उतरत गेला. प्लाझ्माला मोठ्या टीव्हीशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्यात वजन जास्त, वीज जास्त, आणि दुकानाच्या झगझगीत दिव्यांखाली शेजारचा एलसीडी जास्त उजळ दिसायचा. ग्राहक उजळ दिसेल ते उचलतो.

सांगायचा मुद्दा असा की ‘तंत्र जुनं झालं’ हे संच काढण्याचं कारण होत नाही. पॅनेलच्या वयाचीही फार धास्ती नको. नंतरच्या पिढ्यांतल्या संचांसाठी कंपन्या प्रकाश निम्म्यावर यायला 1 लाख तास लागतील असं सांगत. रोज 8 तास टीव्ही चालला तरी त्याची 34 वर्षं होतात. जाहिरातीतला आकडा म्हणून त्यातले निम्मे वजा करा, तरी पुष्कळ उरतात. बहुतेक संचांत आधी जातात ते मागचे बोर्ड.

सावली दिसली की ‘स्क्रीन जळाली’ म्हणणं

बातम्यांचं चॅनेल तासन्‌तास चालू होतं, मग बदललं, आणि करड्या रंगाच्या दृश्यात कोपऱ्यात आधीच्या लोगोची पुसट आकृती तशीच दिसते आहे. इथे लोक घाबरतात. ही बहुतेक वेळा तात्पुरती छाप असते. पूर्ण पडदा भरणारं, हलतं चित्र काही तास चालवलं की ती विरते. बऱ्याच संचांच्या मेनूत पांढरी पट्टी सरकवायची किंवा पडदा पांढरा करायची सोय असते. तीही वापरा, पण रात्रभर लावून ठेवू नका. कायमचा डाग निराळा. तिथले फॉस्फर बाकीच्यांपेक्षा जास्त झिजलेले असतात, आणि ती झीज भरून येत नाही.

तपासायचं असेल तर यूएसबीवरून एक सपाट करड्या रंगाचं चित्र लावा आणि खोलीत अंधार करा. आठवडाभर वेगवेगळे कार्यक्रम पाहून पुन्हा तेच चित्र लावा. आकृती फिकी झाली असेल तर काळजीचं कारण नाही. जशीच्या तशी असेल तर ती राहणार आहे. पण रोजच्या पाहण्यात ती दिसते का? फक्त करड्या चित्रात शोधून सापडत असेल, तर तेवढ्यासाठी संच बदलण्यात अर्थ नाही.

या बाबतीत खरं नुकसान करते ती ‘डायनॅमिक’ किंवा ‘व्हिव्हिड’ ही चित्राची सेटिंग. कॉन्ट्रास्ट टोकाला नेऊन वर्षानुवर्षं एकच चॅनेल पाहिलं की डाग पडणारच. ‘सिनेमा’ सेटिंग लावा. दोन दिवस पडदा मंद वाटेल, मग डोळे सरावतात.

पडद्यातून येणारी बारीक गुणगुणही अशीच विनाकारण घाबरवते. उजळ दृश्यात ती वाढते आणि अंधाऱ्या दृश्यात कमी होते. समुद्रसपाटीपासून साधारण 2000 मीटरच्या वर हवेचा दाब कमी असल्याने ती जास्त ऐकू येते. आवाज एकाएकी वाढला, किंवा चटचट असा येऊ लागला, तरच संच बंद करा.

टीव्ही चालू होत नाही, म्हणजे संपला?

बटण दाबलं, आत ‘टक्’ झालं, स्टँडबायचा दिवा लुकलुकला आणि पुन्हा शांत. बरेच संच इथेच भंगारात जातात. ते लुकलुकणं वायफळ नसतं. कित्येक मॉडेलांत दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, थांबतो आणि पुन्हा तितक्याच वेळा लुकलुकतो. तो दोषाचा संकेत असतो. किती वेळा लुकलुकला ते मोजा आणि त्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहा. आकड्याचा अर्थ कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतो, त्यामुळे दुसऱ्याच्या संचाचं निदान आपल्याला चिकटवू नका.

पडद्याकडे पाहूनही बरंच कळतं. आवाज येतो पण चित्र नाही, तर संशय सस्टेन बोर्डांवर, म्हणजे पॅनेल पेटतं ठेवणाऱ्या बोर्डांवर. आडवे पट्टे काळे पडले, तर बहुधा बफर बोर्ड, म्हणजे आडव्या ओळींना वीज पोचवणारा बोर्ड. उभा रुंद पट्टाच गायब असेल, तर त्या भागाला संकेत देणारा बोर्ड किंवा त्याची जोडणी. यातलं बरंच दुरुस्त होतं. पण केसाएवढी बारीक उभी रेघ वरपासून खालपर्यंत आली असेल, तर दोष बहुतेक वेळा काचेला चिकटवलेल्या पातळ पट्टीत असतो, आणि तिथे हात घालणं नाकापेक्षा मोती जड अशातला प्रकार. रेघ एकच असेल तर तिच्यासह टीव्ही पाहता येतो. दोन-तीन झाल्या की पुढच्याही येतील असं धरून चाला. काच तडकली असेल तर विषयच मिटला.

मागचं झाकण मात्र घरी उघडू नका. सस्टेन सर्किटमध्ये 200 व्होल्टच्या आसपासचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरांत तो काही काळ टिकतो. हे काम जाणकाराचंच.

जाणकारही कधी घाईत चुकतो, म्हणून तीन गोष्टी त्याच्याशी आधीच बोलून घ्या. पहिली, बोर्ड मॉडेलच्या नावावरून मागवायचा नाही, बोर्डवर छापलेल्या क्रमांकावरून मागवायचा. एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळी पॅनेलं असू शकतात. दुसरी, सस्टेन बोर्ड जळाला असेल तर त्याला जोडलेला बफरही तपासायचा. बफर शॉर्ट असेल तर नवा सस्टेन बोर्ड लावताक्षणी जळू शकतो आणि खर्च दुप्पट होतो. तिसरी फार कमी लोकांना ठाऊक असते: पॅनेलच्या मागच्या बाजूला एक स्टिकर असतो आणि त्यावर त्या विशिष्ट पॅनेलला लागणारे व्होल्टेज छापलेले असतात. पॉवर किंवा सस्टेन बोर्ड बदलल्यावर तिथलं व्होल्टेज या आकड्यांशी जुळवावं लागतं. ते न केल्यास काळ्या भागात लाल-हिरवे ठिपके चमचमत राहतात आणि मालकाची समजूत होते की पॅनेलच गेलं.

नवे बोर्ड आता बनत नाहीत. मिळतात ते दुसऱ्या मोडक्या संचांतून काढलेले. त्यामुळे एक बोर्ड बदलून काम भागत असेल तर जरूर करा. एकाच वर्षात दुसऱ्यांदा वेगळाच बोर्ड गेला, तर मी तरी तिथे थांबेन.

चुकीच्या कारणासाठी बदलणं

‘यावर ॲप चालत नाहीत’ हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण, आणि सगळ्यात कच्चं. एचडीएमआयमध्ये एक स्ट्रीमिंग स्टिक लावली की प्रश्न सुटतो. फक्त तिला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. जुन्या पोर्टातून मिळणारा प्रवाह पुरत नाही आणि स्टिक मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होते. सोबतचा अ‍ॅडॉप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावा. कडेची अक्षरं कापली जात असतील तर टीव्हीच्या मेनूत ‘ओव्हरस्कॅन’ बंद करा किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडा.

4केचा मोहही तपासून पाहावा. 50 इंची 1080पी (फुल एचडी, रुंदीला 1920 ठिपके) पडद्यावरचे ठिपके निरोगी डोळ्याला साधारण 2 मीटरपर्यंतच वेगळे ओळखता येतात. तुम्ही 3 मीटरवर बसत असाल, तर तेवढ्याच आकाराच्या 4के पडद्यावरचे जादा ठिपके डोळ्यांपर्यंत पोचतच नाहीत. 42 इंची संचांपैकी पुष्कळांत मात्र रुंदीला 1024च ठिपके असतात. तिथे फरक दिसेल.

मग रास्त कारणं कोणती? खोलीत दिवसभर लख्ख उजेड येतो. एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारं चित्र) पाहायचा आहे, जो प्लाझ्मात नाहीच. 65-75 इंची पडदा हवा आहे. आणि वीज. 50 इंची प्लाझ्मा दृश्यानुसार 200 ते 400 वॅट घेतो, तर त्याच आकाराचा एलईडी (मागे एलईडी दिवे असलेला एलसीडीच) 100 वॅटच्या आसपास. फरक 150 वॅटचा आणि वापर रोज 5 तासांचा धरला, तर वर्षाला साधारण 275 युनिट होतात. आपल्या बिलातल्या दराने गुणून पाहा. नव्या टीव्हीची किंमत त्यातून किती वर्षांत सुटते ते कळेल. तो आकडा बहुतेकांच्या अंदाजापेक्षा मोठा निघतो.

नवा घेताना

प्लाझ्मावरून स्वस्तातल्या एलईडीवर येणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. काळ्याच्या जागी राखाडी, बाजूने पाहिलं तर रंग उडालेले, क्रिकेटमध्ये चेंडूमागे शेपूट. आकडे सगळे नवे, चित्र मागे. प्लाझ्माची सवय असलेल्याला पटेल असा पर्याय म्हणजे ओएलईडी, कारण त्यातही ठिपका स्वतःच उजळतो. तेवढी ऐपत नसेल तर मागचा प्रकाश तुकड्यातुकड्याने कमी-जास्त करणारा, म्हणजे लोकल डिमिंग असलेला एलईडी पाहा. ओएलईडीवरही लोगोची छाप पडू शकते, तेव्हा दिवसभर एकच बातम्यांचं चॅनेल लावणाऱ्या घरात दुसरा पर्याय बरा.

घेण्याआधी मागच्या सॉकेटांकडे नजर टाका. जुना डीव्हीडी प्लेयर, व्हीसीआर किंवा गेमिंग कन्सोल जोडायचं असेल तर लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांची जागा नव्या संचात असेलच असं नाही. भिंतीवरचा जुना स्टँडही मापून घ्या. प्लाझ्माच्या स्टँडची भोकं लांब अंतरावर असतात आणि नव्या हलक्या टीव्हींची बरीच जवळ, त्यामुळे स्टँड मजबूत असूनही बसत नाही.

जुना संच हलवताना तो आडवा झोपवू नका. 25 ते 35 किलोचा असला तरी काच पातळ असते, आणि गाडीच्या एका धक्क्यात कोपरा तडकतो. दोघांनी उभा धरावा, उभाच ठेवावा. चालू असेल तर अंधाऱ्या खोलीत सिनेमे पाहणाऱ्या कुणाला देऊन टाका. बंद असेल तर बोर्डांसाठी दुरुस्तीवाल्याला विचारा, कारण त्यातले चांगले बोर्ड दुसऱ्याचा टीव्ही चालू करू शकतात. उरलेलं ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. जुन्या पॅनेलांच्या काचेत शिसं असतं, म्हणून ती फोडून साध्या कचऱ्यात टाकायची नाही.