शाळेसमोर मुलांना रस्ता पार करून देताना

शाळेच्या फाटकासमोर उभं राहायचं ठरवलंत, तर आधी मुलांना थांबवायला शिका, गाड्यांचं नंतर. बहुतेक गोंधळ स्वयंसेवक वाहतूक पोलिसासारखे हातवारे करायला लागतात तिथून सुरू होतो.

मुख्याध्यापकांकडून पत्र घ्या. त्यात चौक, वेळा आणि स्वयंसेवकांची नावं असू द्या. प्रत आपल्या भागाच्या वाहतूक शाखेत देऊन पोच घ्या, आणि तिथल्या हवालदाराला एक दिवस जागेवर येऊन दाखवायची विनंती करा. चलान फाडायचा किंवा गाडीची किल्ली काढायचा अधिकार आपल्याला नसतो, हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगा. शाळेत आरएसपीचं (रोड सेफ्टी पेट्रोल, म्हणजे विद्यार्थ्यांचं रस्ता सुरक्षा पथक) पथक असेल तर त्या मुलांना फुटपाथवर रांग लावायचं काम द्या, रस्त्यावर उतरवू नका.

सामान थोडंच लागतं: चकाकत्या पट्ट्यांचं जॅकेट, शिटी, बंद बूट आणि दोन्ही बाजूंनी ‘थांबा’ लिहिलेला साधारण ४५ सेंटिमीटरचा लाल फलक. फलक सनबोर्डचा करा. प्लायवूडचा केलात तर हात भरून येतो आणि फलक खाली झुकतो.

आता अंतराचं गणित. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. दोन पदरी रस्ता साधारण ७ मीटरचा. लहान मूल सेकंदाला मीटरभर चालतं, म्हणजे त्याला ७ सेकंद लागतात. घोळका असेल तर १० धरा. म्हणजे समोरचा ११० मीटर रस्ता मोकळा हवा. सुट्टीच्या दिवशी पावलांनी हे अंतर मोजून दोन्ही बाजूंचा एकेक विजेचा खांब हेरून ठेवा. खांबाच्या अलीकडे गाडी असेल तर मुलं हलवायची नाहीत. पावसात रस्ता ओला असतो, ब्रेक उशिरा लागतात, तेव्हा त्याच्याही पुढचा खांब धरा.

मुलं कडेपासून एक पाऊल मागे उभी करा. आधी उजवीकडे बघा, जवळच्या पदरातली गाडी तिकडूनच येते. मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. शिटी वाजवा, फलक डोक्याच्या वर धरा आणि एकट्याने रस्त्याच्या मधोमध जा. चालकाची नजर तुमच्याकडे वळली आणि चाक पूर्ण थांबलं, की मगच मुलांना बोलवा. सायकलवाल्यांनी उतरून सायकल ढकलत न्यायची. शेवटचं मूल पलीकडे पोहोचेपर्यंत फलक खाली येता कामा नये.

सगळ्यात घातक क्षण बस थांबल्यावरचा. आपली बस किंवा स्कूल व्हॅन मुलांसाठी थांबते, मुलं निर्धास्त चालू लागतात आणि बसच्या बाजूने एखादी मोपेड सुसाट निघते. बसमुळे ना मुलाला मोपेड दिसत, ना चालकाला मूल. म्हणून बसच्या पुढच्या टोकाशी जाऊन पलीकडचा पदर स्वतः डोकावून पाहा, तोवर मुलं बसच्या आडच थांबवा. याला पर्याय नाही.

अमरावती रोडसारख्या दुभाजकाच्या रस्त्यावर दोन स्वयंसेवक लागतातच. दोन्ही बाजू वेगळे रस्ते समजा. दुभाजक अरुंद असेल तर मुलं त्यावर थांबवू नका, दोन्ही बाजू एकदम मोकळ्या झाल्यावरच न्या. दुभाजकाच्या कटपाशी राँग साइडने येणाऱ्यांसाठी उलट्या दिशेलाही बघावं लागतं.

पावसाळ्यात छत्री मुलांची बाजूची नजर झाकते, रेनकोट बरा. फाटकासमोर गाडी उभी करणाऱ्या पालकांना थोडं पुढे थांबायला सांगा, कारण त्या गाडीमागून निघालेलं मूल चालकाला ऐन वेळी दिसतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात दुपारची पाळी दोघांत वाटून घ्या, पाण्याची बाटली जवळ असू द्या.

गाडी थांबली नाही तर पाठलाग नको, वाद नको. मुलं मागे घ्या, नंबर लिहून ठेवा. अपघात झालाच तर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे.

वहीत तारीख, वेळ आणि नेमकं काय घडलं ते लिहित जा. झेब्रा पट्टे पुसले असतील किंवा गतिरोधक हवा असेल, तर मनपाच्या झोन कार्यालयातल्या अर्जाला याच नोंदी जोडा.