छोटा पीसी बिल्ड करताय? मदरबोर्ड सगळ्यात शेवटी निवडा

बरेच जण आधी बोर्ड पसंत करतात आणि मग तो बसेल अशी केस (पीसीचा बाहेरचा डबा) शोधत बसतात. छोट्या बिल्डमध्ये क्रम उलटा ठेवायचा: आधी केस, मग प्रोसेसरचा कूलर, मग बोर्ड. कारण इथे स्पेसिफिकेशनपेक्षा बोर्डवर कुठली वस्तू कुठे बसवलीय याला जास्त महत्त्व.

साइज पटकन उरकू. मिनी-आयटीएक्स म्हणजे १७० बाय १७० मिमी, व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये आणलेला फॉर्म फॅक्टर, म्हणजे बोर्डचा ठरलेला आकार. मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४. केसमध्ये मायक्रो-एटीएक्स बसत असेल तर खरंच तोच घ्या, त्याच चिपसेटचा आयटीएक्स बोर्ड बहुतेक वेळा महागच पडतो. आणि मिनी-डीटीएक्सपासून जरा सावध, फोटोत आयटीएक्सच वाटतो पण एका बाजूने २०३ मिमी असतो, म्हणजे ३३ मिमी जास्त, आणि टाइट केसमध्ये तेवढ्यानेच काम अडतं.

आयटीएक्सवर रॅमचे साधारण दोनच स्लॉट आणि पीसीआयई स्लॉट एकच, तो ग्राफिक्स कार्ड खाणार. म्हणजे वायफाय बोर्डवरच हवं, नंतर कार्ड टाकू म्हणाल तर जागाच नाही. रॅमही पहिल्यांदाच हवी तेवढी घ्या. एएमडीच्या एएम५ सॉकेटला (सॉकेट म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) फक्त डीडीआर५ रॅम चालते, इंटेलच्या एलजीए१७०० मध्ये मात्र डीडीआर४ चे बोर्ड वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे, आणि एकाची रॅम दुसऱ्यात शिरतच नाही, खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे बोर्डचं पूर्ण नाव नीट वाचूनच ऑर्डर करा.

आता मेन गोष्ट. कंपनीच्या साइटवरून बोर्डचा वरून काढलेला फोटो उघडा आणि झूम करा. सीपीयूला पॉवर देणारा ८ पिनचा कनेक्टर कुठल्या कोपऱ्यात आहे, २४ पिनचा कुठे आहे, तिथून केबल वळायला केसमध्ये जागा आहे का ते बघा. समोरच्या यूएसबी ३ ची १९ पिनची केबल तर एवढी कडक असते की वळता वळत नाही, तिचा हेडर (ती जोडायची बोर्डवरची पिनांची जागा) बोर्डच्या मध्येच कुठेतरी दिला असेल तर ती कूलरला नाहीतर रॅमला खेटते. केसला पुढे टाइप-सी असेल तर त्याचा वेगळा हेडर लागतो, तो बोर्डवर नसेल तर पोर्ट नुसता शोभेला.

कूलरचंही तसंच. नॉक्टुआ एनएच-एल९ सारखा ३७ मिमी उंचीचा कूलर केसमध्ये आरामात बसेल, पण व्हीआरएमचा (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डवरचा भाग) हीटसिंक किंवा सॉकेटला लागून असलेला एम.२ चा (एसएसडीचा स्लॉट) उंच डबा त्याला आडवा येऊ शकतो. कूलर कंपन्या कुठल्या बोर्डवर काय बसतं याची यादी देतात, ती बघितल्याशिवाय पैसे भरू नका. ६५ वॉटचा प्रोसेसर असेल तर भारी व्हीआरएमच्या मागे लागायची गरज नाही. जास्त वॉटचा असेल तर मात्र व्हीआरएमवर दणकट हीटसिंक हवाच, छोट्या केसमध्ये हवा कमी खेळते.

दुसरा एम.२ स्लॉट बऱ्याचदा बोर्डच्या पाठीमागे असतो. तिथे हवा जवळपास नाहीच, आणि केसच्या ट्रेला मागून कटआउट नसेल तर एसएसडी बदलायला अख्खा बोर्ड बाहेर काढावा लागतो. म्हणून जी एसएसडी पुढेमागे बदलायचा विचार आहे ती समोरच्या स्लॉटमध्ये लावा.

केसमध्ये रायझर केबल (ग्राफिक्स कार्ड स्लॉटपासून लांब लावायची केबल) असेल तर ती पीसीआयईच्या कुठल्या जेनची, म्हणजे पिढीची, आहे ते आधी विचारा. जेन ३ ची केबल आणि जेन ४ चा बोर्ड-कार्ड एकत्र आले की कधी डिस्प्लेच येत नाही, कधी गेम खेळताना हँग. बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) स्लॉट जेन ३ वर सेट केला की सहसा भागतं, पण स्क्रीनच काळी असेल तर बायोसमध्ये जाणार कसं? प्रोसेसरमध्ये इंटिग्रेटेड ग्राफिक्स असेल तर बोर्डच्या एचडीएमआयला मॉनिटर लावा, नाहीतर केसमध्ये टाकायच्या आधी कार्ड थेट स्लॉटमध्ये लावून सेटिंग करून घ्या.