पेप्टाइड पेशीत गेलं की भिंतीवरच अडकलं?

वनस्पतीच्या पेशीत जनुक पोहोचवायचं तर ॲग्रोबॅक्टेरियम हा जीवाणू किंवा डीएनए लावलेले कण पेशीत मारणारी जीन गन, हे ठरलेले मार्ग. पेशीत शिरणाऱ्या पेप्टाइडचं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचं, आकर्षण असं की डीएनएबरोबर आरएनए आणि प्रथिनंही नेता येतात, आणि मोठं यंत्र लागत नाही. पण यातली नावाजलेली पेप्टाइडं आधी प्राण्यांच्या पेशींवर गाजली. टॅट एचआयव्हीच्या प्रथिनातून आलं, पेनेट्रॅटिन फळमाशीच्या. प्राणीपेशीला भिंत नसते, हे उसना प्रोटोकॉल वापरताना हटकून विसरलं जातं.

या पेप्टाइडांवर धनभार भरपूर, आणि भिंतीतल्या पेक्टिनवर ऋणभार. मग व्हायचं तेच होतं. पेप्टाइडला हिरवं चमकणारं रंगद्रव्य जोडलेलं असतं, म्हणून कन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीभोवती हिरवी कडा इतकी सुरेख दिसते की गाईडला लगेच फोटो पाठवावासा वाटतो. थांबा. आधी स्लाइडवर मॅनिटॉलचं (एक शर्करा-अल्कोहोल) ०.५ मोलर द्रावण सोडा आणि काही मिनिटं बघत राहा. पाणी बाहेर पडून पेशीद्रव्य आकसतं, पेशीपटल भिंतीपासून सुटतं. हिरवी कडा जागची हलली नाही, तर पेप्टाइड अजून उंबरठ्यावरच आहे. पेशी आकसल्याच नाहीत तर मॅनिटॉलची तीव्रता वाढवा. या स्वस्त चाचणीइतकं मला दुसऱ्या कशानेच शिकवलं नाही.

शैवालावर काम असेल तर क्लॅमिडोमोनास या एकपेशी शैवालाच्या भिंतीत सेल्युलोज नसतं, ग्लायकोप्रोटीन असतात. सीडब्ल्यू१५सारखे सदोष भिंतीचे स्ट्रेन सुरुवातीला सोयीचे, पण भलतेच नाजूक. सेंट्रिफ्यूज जोरात फिरवलं की पेशी फुटतात, आणि मेलेली पेशी काहीही आत घेते. म्हणून मेलेल्या पेशी रंगवणारं इव्हान्स ब्लू त्याच बॅचवर लावा, वेगळ्या नाही. क्लोरोफिल स्वतःच ६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतं, तेव्हा लाल रंगद्रव्य जोडलेलं पेप्टाइड मागवू नका. नुसत्या रंगद्रव्याचा कंट्रोल हवाच.

डीएनए नेताना पेप्टाइडचं प्रमाण वाढवत जायचा मोह होतो. विद्युतप्रवाह लावलेल्या जेलमध्ये डीएनए विहिरीतून हललं नाही, म्हणजे पेप्टाइडनं ते बांधून ठेवलं, की आपण खूश. पण इतकं घट्ट बांधलेलं डीएनए आत जाऊन सुटणार कसं? तीन-चार प्रमाणं शेजारी शेजारी लावून बघा.

चमक दिसली तरी माल एंडोसोममध्ये, म्हणजे पेशीनं आत घेतलेल्या पदार्थाच्या पिशवीत, अडकलेला असू शकतो. प्रथिनासाठी मी दोन तुकड्यांत विभागलेलं जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) वापरायला सांगेन: मोठा तुकडा रोप स्वतः सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात) बनवतं, उरलेला छोटा तुकडा पेप्टाइडबरोबर जातो. दोघं भेटले तरच हिरवं दिसतं. तसं रोप तयार करायला वेळ लागतो, म्हणून बियाण्याची मागणी पेप्टाइडच्या ऑर्डरबरोबरच करून टाका.