जुना रेल्वेमार्ग पुन्हा सुरू करताना : पर्यावरणविषयक परवानग्यांची वाट कशी आखावी

बंद पडलेला किंवा पावसाने वाहून गेलेला जुना रेल्वेमार्ग पुन्हा उभा करू पाहणाऱ्या मुंबईतील संस्थांनी आरंभीच एक गोष्ट लक्षात घ्यावी : या कामासाठी ‘पर्यावरण परवानगी’ नावाचा एकच कागद नसतो. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेतील परिशिष्टात रेल्वेमार्गांचा समावेश नाही, त्यामुळे केवळ रुळांच्या कामासाठी त्या अधिसूचनेखालील पूर्वमंजुरी लागत नाही. स्थानकालगत २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम करायचे असेल, तर मात्र ती घ्यावी लागते. एवढे वाचून वाट मोकळी आहे असे मानणे चुकीचे ठरेल, कारण परवानग्या ठरतात त्या रुळांखालच्या आणि रुळांलगतच्या जमिनीवरून.

म्हणून अभियंत्याचा आराखडा होण्यापूर्वी जमिनीची नोंदवही तयार करावी. मार्गाच्या एका टोकापासून अंतर मोजत चालावे आणि प्रत्येक टप्प्यावर जमीन कोणाची, जवळ ओढा आहे का, मोरी शाबूत आहे का, भराव खचला आहे का, झाडे कोणती आणि किती जुनी, हे छायाचित्रासह लिहावे. सातबारा, शहरात मालमत्ता पत्रक, रेल्वेच्या हद्दीचा आणि भूसंपादनाचा जुना नकाशा, हे कागद त्या नोंदींना जोडावेत. जमीन रेल्वेची असल्यास परवानगीचा अर्ज रेल्वेच्याच नावाने जातो, त्यामुळे स्वयंसेवी संस्थेने या टप्प्यावरच रेल्वेची लेखी संमती मिळवावी. अभ्यास आणि नकाशे संस्थेचे, अर्ज रेल्वेचा, अशी विभागणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

वनजमिनीचा प्रश्न सर्वाधिक वेळ घेतो. १९८० च्या वन संरक्षण अधिनियमानुसार (२०२३ च्या दुरुस्तीने त्याचे नाव वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम झाले) वनजमीन वनेतर कामासाठी वापरायची असल्यास केंद्राची मान्यता लागते. अर्ज केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर होतो. आधी तत्त्वतः मंजुरी मिळते आणि भरपाई वनीकरण, निव्वळ वर्तमान मूल्याची रक्कम (गमावलेल्या वनाच्या मोलापोटी भरायचे पैसे) इत्यादी अटी पूर्ण झाल्यावर अंतिम मंजुरी मिळते. मूळ रुंदीतच दुरुस्ती करायची असेल, तरी ती जमीन वनखात्याच्या नोंदीत कशी आहे, हे उपवनसंरक्षकांकडून लेखी घ्यावे. नवी संरक्षक भिंत किंवा माती टाकण्याची जागा हद्दीबाहेर गेली, की साधी दुरुस्ती वाटणारे कामही या अधिनियमाच्या कक्षेत येऊ शकते.

नेरळ–माथेरान मार्ग याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी उभारलेला हा दोन फूट रुंदीचा, सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तो वाहून गेला आणि २००७ मध्ये गाडी पुन्हा धावली. २०१९ च्या पावसाने पुन्हा नुकसान केले आणि नेरळपासूनची सेवा पूर्ववत व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. या दोन्ही आपत्तींच्या आधीच, फेब्रुवारी २००३ मध्ये, माथेरान आणि परिसर पर्यावरण संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला होता. तेथे खाणकाम करता येत नाही, म्हणून खडी बाहेरून आणावी लागते आणि तिच्या वाहतुकीचा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावा लागतो. उतारावर कापलेली माती दरीत लोटणे हा तर पर्यावरणाचा आणि रुळांचाही घात आहे, कारण तीच माती खालच्या वळणावरची मोरी बुजवते आणि अडलेले पाणी भराव फोडते. पाण्याच्या निचऱ्याचा स्वतंत्र नकाशा अर्जाला जोडावा, असा माझा आग्रह आहे. परवानगी देणाऱ्यांना हवे असणारे आणि मार्गाला तारणारे काम येथे एकच आहे.

शिवडी–वडाळ्याकडच्या जुन्या बंदर रेल्वेसारख्या खाडीलगतच्या मार्गांना वेगळे नियम लागू होतात. २०१९ ची किनारपट्टी नियमन अधिसूचना आणि तिच्याखालील मंजूर नकाशा पाहून राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावे लागते. खारफुटीबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सर्वत्र तोडीला मनाई केली असून, भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही राखायचा आहे. सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाची परवानगी लागते. अशा ठिकाणी खारफुटीला हात न लावणारी आखणी शोधणे हाच शहाणपणा आहे.

वापराविना पडलेल्या रुळांमध्ये झाडे वाढतात आणि शहरी भागात त्यांना १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात, म्हणून झाडाचे वय अंदाजाने न लिहिता तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. मुंबईच्या वारसा यादीतील स्थानक वा पूल असल्यास वारसा संवर्धन समितीकडेही याच सुमारास जावे. जुने लाकडी स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके) क्रिओसोट या लाकूड टिकवणाऱ्या विषारी तेलाने मुरवलेले असू शकतात. ते जागेवर जाळू नयेत किंवा सरपण म्हणून वाटू नयेत, तर त्यांच्या विल्हेवाटीविषयी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लेखी मार्गदर्शन घ्यावे.

वेळापत्रक पावसाळ्यावरून मागे मोजत जाऊन आखावे. मोऱ्या, गटारे आणि उतारावरील गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून रचलेल्या) भिंती मेअखेर पूर्ण होतील अशा बेताने कामाचे आदेश काढावेत, आणि मंजुरी उशिरा आली तर उघडी माती पावसात सोडण्यापेक्षा खोदकाम ऑक्टोबरपर्यंत थांबवावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा संपूर्ण मार्ग चालून नोंदवहीतील प्रत्येक टप्प्याचे नवे छायाचित्र घ्यावे आणि ते अटींच्या पूर्तता अहवालासोबत सादर करावे.