पाणथळीतून सायकल सहल: चिखल, फळ्या आणि वारा

नदीकाठच्या पाणथळ वाटांवर मोटारी नसतात, चढही जवळपास नसतात. दमवतात ते चिखल आणि वारा.

टायर ३८ ते ४५ मिमी रुंदीचे घ्या. स्वार आणि सामान मिळून ९० किलोच्या आसपास वजन असेल, तर ४० मिमीच्या टायरला ४० ते ४५ पीएसआय हवा पुरते; मागच्या चाकात जरा जास्त, कारण भार तिथेच असतो. मडगार्ड आणि टायरमध्ये किमान १० मिमी फट ठेवा. नाहीतर चिकणमातीत गवत मिसळून असा काही लगदा बसतो, की चाकच फिरत नाही. तो काढायला साधी काडी पुरते, पण ती आधीच खोचून ठेवा.

लाकडी फळ्यांची वाट ओली असली की साबणासारखी निसरडी होते. वेग तिच्यावर चढण्याआधीच कमी करा. वर गेल्यावर ब्रेक नको, वळणही नको. फळ्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या असतील तर चाक फटीत अडकतं. तिथे सरळ उतरून चाला.

आडोसा कुठेच नसतो. त्याच वाटेने परतायचं असेल, तर अंगात जोर असताना, म्हणजे जाताना, वारा समोरून घ्या.

पूर आणि विणीच्या हंगामात काही वाटा बंद असतात, ते आदल्या दिवशी तपासा. कित्येक पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, म्हणून वाट सोडू नका. निघताना टायरचा चिखल तिथेच खरवडा. त्यातून उपद्रवी वनस्पतींच्या बिया दुसऱ्या पाणथळीत पोचतात. साखळी त्याच संध्याकाळी पुसून तेल द्या.